दहा किलोमीटरची शर्यत: स्वतःची सर्वोत्तम वेळ मोडण्यासाठी आठ आठवड्यांची तयारी

हौशी धावपटूला आपली प्रगती तपासायची असेल, तर दहा किलोमीटरच्या रस्त्यावरच्या शर्यतीइतकी प्रामाणिक कसोटी दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे. मॅरेथॉनमध्ये ऊन, पोट, क्षार आणि संपत आलेली ऊर्जा यांपैकी कोणतीही एक गोष्ट महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते आणि पुढचा प्रयत्न करण्यासाठी पुन्हा अर्धे वर्ष वाट पाहावी लागते. दहा किलोमीटरमध्ये स्नायूंतील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपत नाही, पायांची झीज मर्यादित राहते आणि एकाच हंगामात दोन-तीन वेळा पूर्ण ताकदीने धावता येते. त्यामुळे येथे वेळ प्रामुख्याने दोनच गोष्टींवर ठरते: सरावाने कमावलेली क्षमता आणि ती क्षमता दहा किलोमीटरवर कशी वाटून खर्च केली जाते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून या लेखात तिला अधिक जागा दिली आहे.

येथे गृहीत धरलेला वाचक आठवड्यातून चार दिवस धावतो, किमान दोन महिन्यांपासून आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर पूर्ण करतो आणि त्याने दहा किलोमीटरची एखादी शर्यत आधी पूर्ण केलेली आहे. एवढा पाया नसेल, तर वेगाच्या मागे लागण्यापूर्वी तो बांधावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याची तक्रार असलेल्यांनी, वेगाचा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

शर्यत कोणती निवडावी

सर्वोत्तम वेळेसाठी शर्यत निवडताना पदक, टी-शर्ट किंवा मित्रांची संगत हे निकष बाजूला ठेवावे लागतात. पहिला निकष हवामानाचा आहे. धावताना निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्ताचा मोठा भाग त्वचेकडे वळवते, त्यामुळे स्नायूंच्या वाट्याला येणारे रक्त कमी होते आणि त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढतात. हवा दमट असेल, तर घाम वाळत नाही आणि हा भार आणखी वाढतो. म्हणून पुणे, नाशिक, सातारा किंवा छत्रपती संभाजीनगर येथील डिसेंबर-जानेवारीतील पहाट मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या पहाटेपेक्षा वेगासाठी कितीतरी अनुकूल असते. किनारपट्टीवर राहणाऱ्या धावपटूने वर्षातून एकदा तरी घाटावर येऊन दहा किलोमीटर धावावे. तोच सराव, तेच पाय, पण वेळ वेगळी लागल्याचा अनुभव त्याला बहुधा येईल.

दुसरा निकष मार्गाचा आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन ही चढ चढण्याच्या जिद्दीची सुंदर परीक्षा आहे, परंतु तशा मार्गावर सर्वोत्तम वेळेची अपेक्षा ठेवता येत नाही. बंगळुरूची २००८ पासून होणारी दहा किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि उन्हाळ्यात होते, हेही लक्षात ठेवावे. मार्ग सपाट असावा, वळणे कमी असावीत आणि पहिल्याच किलोमीटरमध्ये रस्ता अरुंद होत नसावा. २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसारख्या महोत्सवात धावण्याचा आनंद मोठा असतो, मात्र हजारोंच्या गर्दीत मागे उभे राहावे लागले, तर सुरुवातीची दोन किलोमीटर लोकांना चुकवण्यातच जातात. मध्यम आकाराची, वेळेनुसार गट पाडून सोडणारी शर्यत त्या दृष्टीने उत्तम ठरते.

तिसरा निकष मोजणीचा. प्रमाणित मार्ग मोटारीच्या मीटरवर किंवा मोबाइलवर मोजत नाहीत. चाकाचे फेरे मोजणारे खास उपकरण सायकलला बसवून, ते ज्ञात अंतरावर पडताळून, धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर रस्त्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून मोजणी केली जाते आणि मार्ग कमी भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरला जातो. म्हणजे प्रमाणित दहा किलोमीटरचा मार्ग प्रत्यक्षात सुमारे दहा मीटर अधिक लांब आखलेला असतो. आयोजकांच्या माहितीपत्रकात मार्ग प्रमाणित असल्याचा उल्लेख नसेल, तर तेथे लागलेली वेळ चांगली असली, तरी तिच्यावर पुढचे लक्ष्य उभे करू नये.

लक्ष्य वेळ कशी ठरवावी

लक्ष्य वेळ इच्छेवरून ठरवू नये. ती अलीकडच्या कामगिरीवरून काढावी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सपाट रस्त्यावर किंवा ट्रॅकवर पाच किलोमीटर पूर्ण ताकदीने धावणे आणि पीटर रीगेल या अमेरिकन अभियंत्याच्या सूत्राचा आधार घेणे. या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ साधारण २.०८५ पट होते. पाच किलोमीटरला २४ मिनिटे लागत असतील, तर दहाला सुमारे ५० मिनिटे. २५ मिनिटे लागत असतील, तर ५२ मिनिटे ७ सेकंद. २८ मिनिटे लागत असतील, तर ५८ मिनिटे २३ सेकंद. हा अंदाज आठवड्याचे अंतर पुरेसे असलेल्या धावपटूला लागू पडतो. ज्याचा लांब पल्ल्याचा सराव कमी आहे, त्याने त्यात एक मिनिट मिळवलेले बरे.

पुढील सर्व आकडे ५२ मिनिटांचे लक्ष्य धरून दिले आहेत, म्हणजेच ५:१२ चा पेस (एका किलोमीटरला ५ मिनिटे १२ सेकंद). आपले लक्ष्य वेगळे असल्यास त्या प्रमाणात आकडे बदलावेत. शर्यतीचा दिवस दमट किंवा उबदार निघाला, तर लक्ष्य तेथेच सैल करण्याची तयारी हवी. थंड हवेत काढलेला पाच किलोमीटरचा आकडा एप्रिलच्या मुंबईत वापरणे म्हणजे सहाव्या किलोमीटरला चालण्याची वेळ ओढवून घेणे होय.

आठ आठवड्यांचा सराव

आठवड्यात चार धावा पुरेशा आहेत: एक वेगाची, एक टेम्पोची, एक लांब आणि एक पूर्णपणे निवांत. वेगाची आणि टेम्पोची धाव यांमध्ये किमान दोन दिवसांचे अंतर असावे. मंगळवारी इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत तुकड्यांत केलेली वेगाची धाव), गुरुवारी निवांत धाव, शुक्रवारी टेम्पो आणि रविवारी लाँग रन ही मांडणी नोकरी करणाऱ्यांना सोयीची पडते.

निवांत धावेविषयी आधी सांगणे गरजेचे आहे, कारण सर्वाधिक नुकसान तेथेच होते. ५:१२ च्या पेसने शर्यत धावू पाहणाऱ्याची निवांत धाव ६:१५ ते ६:४५ च्या दरम्यान असावी आणि ती धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. अनेक जण ही धाव ५:४० ने करतात. ना धड विश्रांती मिळते, ना धड वेगाचा सराव होतो आणि मंगळवारी पाय जड राहतात. लाँग रनही याच निवांत वेगाने करावी. ती १० किलोमीटरपासून सुरू करून सहाव्या आठवड्यापर्यंत १४ किलोमीटरवर न्यावी.

टेम्पो म्हणजे सुमारे तासभर टिकवता येईल असा वेग. रक्तात लॅक्टेट (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) तयार होण्याचा आणि ते वापरले जाण्याचा वेग जेथे जेमतेम बरोबरीत असतो, त्या सीमेजवळ हा सराव होतो आणि ती सीमा वर सरकली की दहा किलोमीटरचा पेस सुसह्य होतो. आपल्या उदाहरणात हा वेग ५:२० ते ५:२५ असा येतो. पहिल्या दोन आठवड्यांत आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटे हळू जॉगिंग. तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांचे दोन तुकडे. पाचव्या आठवड्यापासून सलग २० मिनिटे. टेम्पो संपताना 'आणखी पाच मिनिटे करू शकलो असतो' असे वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल, तर वेग जास्त होता.

इंटरव्हलचा वेग पाच किलोमीटरच्या शर्यतीइतका, म्हणजे येथे ५:०० असावा. पहिल्या आठवड्यात ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटांत, मध्ये दीड मिनिट जॉगिंग. दुसऱ्या आठवड्यात ८०० मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी चार मिनिटांत. तिसऱ्या आठवड्यात १००० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये अडीच ते तीन मिनिटे विश्रांतीची जॉगिंग. पहिली आणि शेवटची फेरी एकाच वेळेत यायला हवी. पहिली ४:४० मध्ये आणि शेवटची ५:१५ मध्ये आली, तर घाम गाळूनही मूळ कौशल्य, म्हणजे वेग राखणे, शिकायचे राहून जाते. ट्रॅक नसेल, तर सपाट, कमी रहदारीचा रस्ता चालतो. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा पट्टा पहाटे यासाठी उत्तम आहे. जवळ टेकडी असणाऱ्यांनी पहिल्या तीन आठवड्यांतील एक इंटरव्हल चढावर घ्यावा: ४५ सेकंद जोर लावून वर, चालत खाली, असे आठ वेळा.

चौथा आठवडा हलका ठेवावा. एकूण अंतर पावपटीने कमी करून, आठवड्याच्या शेवटी पाच किलोमीटर पूर्ण ताकदीने धावून लक्ष्य पुन्हा तपासावे. वेळ २५ मिनिटांच्या आसपास आली, तर ५२ मिनिटांचे लक्ष्य कायम. २६ च्या पुढे गेली, तर ते ५४ वर आणण्यात कमीपणा नाही.

पाचव्या ते सातव्या आठवड्यात या तयारीचा गाभा आहे. आता मंगळवारी १००० मीटरच्या फेऱ्यांऐवजी शर्यतीच्या पेसचे लांब तुकडे करावेत: पाचव्या आठवड्यात २ किलोमीटरचे तीन तुकडे ५:१२ ने, मध्ये दोन मिनिटे जॉगिंग, सहाव्यात ३ किलोमीटरचे दोन तुकडे, मध्ये तीन मिनिटे, सातव्यात सलग ४ किलोमीटर, थोड्या विश्रांतीनंतर ५:०० ने एक किलोमीटर. या सरावात शक्य तेवढा वेळ घड्याळाकडे न पाहता धावावे, किलोमीटर पूर्ण झाल्यावरच आकडा पाहावा आणि श्वास, पावलांचा ताल व हातांची हालचाल ५:१२ ला कशी असते हे अंगात मुरू द्यावे. शर्यतीच्या गोंगाटात घड्याळ क्षणभर चुकू शकते, पण मुरलेला ताल चुकत नाही.

यासोबत आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे ताकदीच्या व्यायामाला द्यावीत. एका पायावर उभे राहून टाच उचलणे, बैठका, लंजेस आणि प्लँक एवढे पुरे. पोटऱ्या आणि नडगीच्या दुखण्यापासून हे व्यायाम बऱ्याच अंशी वाचवतात. नडगीच्या हाडावर एकाच बिंदूला दाबल्यावर दुखत असेल, तर मात्र धावणे थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवावे.

पहाटेच्या अंधारात धावताना रहदारीच्या समोरून, परावर्तक पट्टी असलेले कपडे घालून धावावे आणि इअरफोन घरी ठेवावेत.

शेवटचे दहा दिवस

शर्यतीच्या दहा दिवस आधी शेवटचा जड सराव संपलेला असावा. त्यानंतर अंतर जवळजवळ निम्म्यावर आणावे, पण वेगाची चव कायम ठेवावी. शर्यत रविवारी असेल, तर मंगळवारी शर्यतीच्या पेसने एक-एक किलोमीटरचे तीन तुकडे, गुरुवारी २० ते २५ मिनिटे निवांत धाव, शुक्रवारी विश्रांती आणि शनिवारी १५ मिनिटे जॉगिंग व वीस सेकंदांच्या चार मोकळ्या धावा. या आठवड्यात पाय उगाच जड वाटतात आणि मन 'सराव बुडतो आहे' असे सांगू लागते. त्याचे ऐकून जादा धावण्याने फायदा होत नाही, कारण एवढ्या कमी दिवसांत नवी क्षमता तयार होऊ शकत नाही.

आहारात मोठा बदल नको. दहा किलोमीटरसाठी मॅरेथॉनप्रमाणे कर्बोदके साठवण्याची गरज नसते. आदल्या रात्री लवकर, साधे आणि ओळखीचे जेवण घ्यावे: मुगाची खिचडी किंवा वरण-भात. उसळी, तळलेले पदार्थ आणि हॉटेलची मिसळ शर्यतीनंतरसाठी ठेवावी. बूट नवे असतील, तर ते किमान दोन वेगाच्या सरावांत वापरून झालेले असावेत. कार्बन प्लेटच्या महागड्या बुटांनी काही सेकंद वाचू शकतात, पण या पातळीवर मिनिटे सरावातून मिळतात, त्यामुळे त्यासाठी ओढाताण करू नये.

शर्यतीची सकाळ

सुरुवातीच्या किमान अडीच तास आधी उठून दोन केळी किंवा ब्रेडला मध-जॅम लावून खावे आणि थोडे थोडे पाणी प्यावे. सवय असेल त्यांनी तासभर आधी कॉफी घ्यावी. सवय नसल्यास तो प्रयोग आज नको. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची पद्धत घातक आहे, कारण त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि दुखापतीची सूचना दडपली जाते. मैदानावर तासभर आधी पोहोचावे, कारण स्वच्छतागृहाची रांग कोणासाठी थांबत नाही.

वॉर्म-अप छोट्या शर्यतीत जास्त महत्त्वाचा असतो. मॅरेथॉनची पहिली किलोमीटर हाच वॉर्म-अप ठरू शकतो, पण येथे पहिल्या मिनिटापासून हृदय आणि फुप्फुसे मोठ्या क्षमतेने चालावी लागतात. दहा-बारा मिनिटे अगदी हळू जॉगिंग, पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उंच घेणे आणि मग वीस सेकंदांच्या चार वेगवान धावा. हे सारे सुरुवातीच्या पाच-सात मिनिटे आधी संपवून आपल्या वेळेच्या गटात उभे राहावे. चिप असलेल्या शर्यतीत आपली खरी वेळ सुरुवातीच्या रेषेवरील, चिपची नोंद घेणारी चटई ओलांडल्यापासून मोजली जाते, म्हणून अगदी पुढे घुसण्याचे कारण नाही. मात्र फार मागे उभे राहिल्यास पुढच्यांना ओलांडण्यात ताकद जाते.

दहा किलोमीटर कसे धावावे

युगांडाचा धावपटू जोशुआ चेप्टेगेई याने ७ ऑक्टोबर २०२० रोजी व्हॅलेन्सिया येथे ट्रॅकवरील १० हजार मीटरचा विश्वविक्रम २६ मिनिटे ११ सेकंदांत केला, तेव्हा पहिल्या पाच हजार मीटरला त्याला सुमारे १३:०८ आणि दुसऱ्या पाच हजार मीटरला १३:०३ लागले. जगातील सर्वांत वेगवान धावपटूही पहिल्या अर्ध्यात वेळ 'कमवून' ठेवत नाही. सुरुवातीला लक्ष्यापेक्षा दहा सेकंद वेगाने धावलेल्या प्रत्येक किलोमीटरची किंमत शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये त्याहून अधिक सेकंदांनी चुकवावी लागते.

५२ मिनिटांसाठी मी पुढील आराखडा सुचवेन. पहिला किलोमीटर ५:१८, दुसरा ५:१४, त्यानंतर आठव्या किलोमीटरपर्यंत प्रत्येक ५:१२. असे केल्यास पाच किलोमीटरला घड्याळ २६:०८ आणि आठ किलोमीटरला ४१:४४ दाखवेल. उरलेल्या दोन किलोमीटरसाठी १० मिनिटे १६ सेकंद राहतात, म्हणजे प्रत्येकी ५:०८. ताज्या पायांना आणि जमावाच्या उत्साहाला पहिला ५:१८ अगदी संथ वाटेल, डावी-उजवीकडून लोक पुढे जातील. त्यांना जाऊ द्यावे.

घड्याळाविषयी एक तांत्रिक बाब येथे फार महत्त्वाची आहे. जीपीएसचे घड्याळ शर्यतीअखेर बहुधा १०.१ किलोमीटर किंवा त्याहून थोडे जास्त दाखवते, कारण आपण मोजणीच्या सर्वांत जवळच्या रेषेने धावत नाही आणि उपकरणाचीही चूक असते. अंतर १०.१ भरले, तर ५२ मिनिटांसाठी घड्याळावर सरासरी ५:०९ दिसायला हवी. घड्याळावर ५:१२ पाहून निश्चिंत राहणाऱ्याच्या हातून अर्धा मिनिट निसटतो. म्हणून घड्याळातील स्वयंचलित लॅप (दर किलोमीटरला आपोआप होणारी वेळेची नोंद) बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीजवळ स्वतः बटण दाबावे. वळणावर आतली कड धरावी. यू-टर्नला एक मीटर बाहेरून गेल्यास तीन मीटरहून थोडे अधिक अंतर वाढते आणि अशी वळणे मार्गात बरीच असतात. फ्लायओव्हरच्या चढावर पेस धरून ठेवू नये, श्वासाचा ताल धरून ठेवावा, म्हणजे दम तेवढाच राहील इतपत वेग कमी होऊ द्यावा आणि उतारावर पावले लांब न टाकता ती जलद टाकावीत.

तिसऱ्या ते पाचव्या किलोमीटरपर्यंत फार काही करायचे नसते. खांदे सैल, मुठी उघड्या, आणि आपल्याच वेगाचा एखादा गट सापडला तर त्याच्यामागे राहावे, विशेषतः वारा समोरून असेल तेव्हा. थंड सकाळी पाण्याची गरज नसते. उबदार दिवशी एका स्टेशनवर दोन घोट घ्यावेत आणि उरलेले डोक्यावर ओतावे.

शर्यत खऱ्या अर्थाने सहाव्या ते आठव्या किलोमीटरमध्ये ठरते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, शेवट अजून दिसत नसतो आणि त्रास मात्र पूर्ण चढलेला असतो. या टप्प्यात नकळत प्रत्येक किलोमीटर आठ-दहा सेकंदांनी मंदावतो आणि धावणाऱ्याला आपण तेवढाच जोर लावतो आहोत असे वाटत राहते. यावर उपाय असा की, सहाव्या पाटीपासून थोडा अधिक जोर लावण्याचा निर्णय आधीच घेऊन ठेवावा. त्या जादा जोराने वेग वाढणार नाही, तो फक्त टिकेल. पुढच्या धावपटूच्या पाठीवर नजर रोवून अंतर कमी करत जावे, तो गाठला की पुढचा निवडावा. पावले दोनशेपर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करणे अनेकांना उपयोगी पडते. सातवा किलोमीटर ५:२० ने आला, तर आठव्यात ते आठ सेकंद एकदम भरून काढू नयेत. केवळ ५:१२ वर परतावे.

टोचणारी बरगडी आणि जळणाऱ्या मांड्या अपेक्षित आहेत. छातीत दडपण, चक्कर, थंडी वाजणे किंवा भान हरपल्यासारखे वाटणे अपेक्षित नाही. अशा वेळी त्या क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

आठव्या पाटीनंतर हिशेब सोपा होतो. हात जरा जोरात मागे न्यावेत, पाय आपोआप त्यांच्या तालावर येतात. नववी पाटी ओलांडल्यावर घड्याळ पाहणे बंद करावे आणि शेवटच्या ४०० मीटरमध्ये, कमान दिसू लागल्यावर, राखलेले सारे वापरावे. शेवटची चटई पूर्ण ओलांडल्यावरच घड्याळ थांबवावे.

शर्यतीनंतर

एकदम थांबू किंवा बसू नये. दहा मिनिटे चालत राहून मग लिंबू सरबत, केळे आणि तासाभरात नीट नाश्ता घ्यावा. त्याच दिवशी प्रत्येक किलोमीटरची वेळ वहीत उतरवावी, सोबत हवामान, झोप आणि खाण्याची नोंद करावी. वेळ हुकली असेल, तर उत्तर बहुतेकदा या आकड्यांतच मिळते. पहिला अर्धा भाग वेगवान आणि दुसरा संथ असेल, तर सुरुवात चुकली. दोन्ही भाग सारखेच पण लक्ष्यापेक्षा संथ असतील, तर लक्ष्य किंवा हवामानाचा अंदाज चुकला. सहा किलोमीटरपर्यंत सारे ठीक आणि नंतर सलग घसरण असेल, तर लाँग रन आणि टेम्पो वाढवण्याची गरज आहे.

पुढचा आठवडा केवळ निवांत धावांचा असावा. त्यानंतर पाय मोकळे वाटले, तर पाचव्या ते सातव्या आठवड्यांचा सराव एकदा पुन्हा करून चार-पाच आठवड्यांनी त्याच हंगामात दुसरा प्रयत्न करता येतो. फेब्रुवारी सरला की मात्र वेगाची घाई सोडून आठवड्याचे अंतर वाढवण्याकडे वळावे आणि पावसाळ्यानंतर नव्या पाच किलोमीटरच्या चाचणीने पुन्हा लक्ष्य काढावे.